ड्युटी लिस्टमध्ये झोपेलाही जागा ठेवा : एका अधिपरिचारिकेचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी रुग्णालयांचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका (मेट्रन)
आणि ड्युटी लिस्टवर ज्यांची ज्यांची सही लागते ते सगळे.

स. न. वि. वि.

मे महिन्यात, परिचारिका सप्ताहात, आमच्याकडे ‘स्व-काळजी आणि ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावर कार्यशाळा झाली. वेळ सकाळी ११. उपस्थिती सक्तीची, नाईट ऑफवाल्यांनाही. त्या दिवशी सव्वानऊला मी सहावी नाईट संपवून वॉर्डाबाहेर पडले होते. घरी जाऊन परत यायला वेळ नव्हता, म्हणून कँटीनमध्ये पोहे खाल्ले, तोंडावर पाणी मारलं आणि सभागृहात जाऊन बसले. वक्ते चांगले होते, आवाज मऊ होता, पंखा थेट डोक्यावर होता. पडद्यावर पहिलंच वाक्य आलं, ‘रोज सात ते आठ तास शांत झोप घ्या.’ पुढचं मला सांगता येणार नाही, कारण मी तो सल्ला तिथेच अमलात आणला. शेजारच्या ब्रदरने, म्हणजे पुरुष परिचारकाने, कोपर मारून उठवलं तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं आणि माझ्या मांडीवर एक गुलाब आणि एक पेन होतं. कार्यशाळेचा फोटो दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. फक्त पहिल्या दोन रांगांचा होता. मागच्या रांगांचा फोटो काढला असता तर अहवालच वेगळा लिहावा लागला असता.

गुलाबाबद्दल आभार. पण त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

मी १९ वर्षं स्टाफ नर्स आहे. ‘अधिपरिचारिका’ हा शब्द सेवापुस्तकात आणि अर्जावर असतो, वॉर्डात आम्ही सिस्टरच. हे पत्र मंत्र्यांना किंवा सचिवांना लिहिलेलं नाही, ते जाणूनबुजून. रिकामी पदं, भरती, कंत्राटीकरण यासाठी संघटना आहे, निवेदनं आहेत, संपही झालेत आणि पुढेही होतील. मला आज बोलायचंय ते त्या कागदाबद्दल, जो महिनाअखेरीस मेट्रन ऑफिसबाहेर टाचणीने लावला जातो आणि ज्याच्यासमोर आम्ही दहावीच्या निकालासारख्या उभ्या राहतो. तो कागद मंत्रालयात तयार होत नाही. तुमच्या टेबलावर होतो. डॉक्टरांचा त्यांच्या विभागात होतो, आमचा अधिसेविकांकडे होतो. म्हणून पत्र तुम्हाला.

आधी रात्र कशी जाते ते सांगते. तुमच्यातले बरेच जण रात्री राऊंडला येतात, पण राऊंड वीस मिनिटांचा असतो.

रात्री ८ ला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घ्यायचा. चाळीस खाटांचा वॉर्ड, त्यात पेशंट पंचावन्न, म्हणजे पंधरा जण खाली गादीवर. सिस्टर एक, नशीब असेल तर दोन. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. ते आम्ही जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या पहिल्या वर्षी पाठ करतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विसरतो. १० ची इंजेक्शनं संपेपर्यंत ११ वाजतात. मग अॅडमिशन. १२ चे डोस, २ चे डोस, मध्ये एखादं सलाईन सुटलेलं, एखादा नातेवाईक ‘डॉक्टर कुठंयत’ म्हणून ओरडणारा, एखादी डेथ. डेथ झाली की बॉडी, कागद, नातेवाईक, पोलीस केस असेल तर आणखी कागद. साडेचारपासून रक्ताचे नमुने, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट, स्पंजिंग, साखर तपासणं, इन्शुलिन. ८ ला ओव्हर द्यायचा असतो. पण मॉर्निंगची रिलीव्हर लांबच्या गावाहून येते, तिची एसटी लेट, आणि औषधांचा, चादरींचा, ऑक्सिजन सिलिंडरचा हिशोब लागल्याशिवाय सुटका नाही. म्हणून सव्वानऊ. सहा नाईटचे कागदावर ७२ तास होतात, पायावर ते ७८ च्या आसपास जातात.

आता या रात्रीत झोप कुठे बसते? अधिकृत उत्तर आहे, कुठेच नाही. ड्युटीवर झोपणं ही गैरवर्तणूक आहे, मेमो मिळतो. खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्हीही कधीतरी रेसिडेंट होता, विद्यार्थिनी होता. दोन खुर्च्या समोरासमोर लावून. ड्रेसिंग रूमच्या तपासणी टेबलावर, गुडघे पोटाशी घेऊन. लिनन रूममध्ये धुऊन आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर. टेबलावर डोकं ठेवून, हातात पेन धरून, म्हणजे कुणी आलं तर लिहीत होतो असं वाटावं. शेवटच्या प्रकारात मी तरबेज आहे. केसपेपरवर एक रेघ तिरकी खाली गेलेली दिसली तर समजून घ्या.

चोरून घेतलेली ही झोप सगळ्यात धोक्याची असते. ती कुणाला सांगून घेता येत नाही. मी ३.४० ला आडवी होते तेव्हा माझ्या जोडीदार सिस्टरला वाटतं मी स्टोअरमध्ये आहे, वॉर्डातल्या मावशीला वाटतं मी लॅबला गेलेय, आणि पेशंटचं कुणीच बघत नसतं. तीच वीस-तीस मिनिटं सांगून घेता आली, ‘मी ३ ते ३.३०, तू ३.३० ते ४, वॉर्ड त्या वेळी तुझ्याकडे’ असं ठरवून, तर वॉर्ड एक क्षणही वाऱ्यावर राहणार नाही. जिथे सिस्टर एकटीच असते तिथे शेजारच्या दोन वॉर्डांनी मिळून हे करता येतं. नाहीतरी जेवायला जाताना आम्ही एकमेकींच्या वॉर्डावर लक्ष ठेवतोच. नासाने लांबच्या विमानप्रवासातल्या वैमानिकांवर हा प्रयोग करून पाहिलाय. दुसरा वैमानिक विमान सांभाळत असताना पहिल्याला आळीपाळीने डुलकी घेऊ दिली. सरासरी २६ मिनिटांची झोप लागली आणि पुढच्या तासांतली सतर्कता स्पष्ट सुधारली. हवेत पस्तीस हजार फुटांवर जे चालतं ते मेडिसिन वॉर्डात चालायला हरकत नसावी. अर्धा तास अशासाठी म्हणते की त्याहून जास्त झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं माणूस अर्धवट असतो. तेवढ्यात कोड ब्लू, म्हणजे कुणाचं हृदय बंद पडल्याची हाक, आला तर ती सिस्टर असून नसल्यासारखी.

एक कबुली द्यायची आहे. १९ वर्षांत कुठे लिहून दिलेली नाही.

मी तेव्हा वेगळ्या रुग्णालयात होते, ऑर्थोच्या फीमेल वॉर्डात. पाचवी नाईट. सकाळी पावणेसात. इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये १८ युनिट भरून मी खाटेपाशी गेले, आजींचा दंड पुसला. आजी म्हणाल्या, “सिस्टर, मला साखरेचं इंजेक्शन कधीपासून गं? मी तर पाय मोडून आलेय.” मी १४ नंबरच्या ऐवजी १९ नंबरच्या खाटेपाशी उभी होते. त्या आजींना डायबेटिस नव्हता, ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी होत्या. बोलक्या होत्या म्हणून वाचल्या. नुसता हात पुढे केला असता तर काय झालं असतं, हे तुम्ही डॉक्टर आहात, मी सांगायला नको. मी सिरिंज घेऊन सिंकपाशी गेले आणि माझे हात थरथरायला लागले. इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्या मायाळू होत्या. म्हणाल्या, “झालं नाही ना काही? मग कुणाला सांगू नकोस. घरी जा, झोप.” त्या सकाळी झोप लागली नाही, हे ओघाने आलंच.

अशा हुकलेल्या चुका आपल्याकडे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाहीत. जी चूक घडते ती कुणाच्या तरी नावावर लागते. चौकशीत विचारलं जातं की पाच गोष्टी तपासल्या होत्या का, योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ही कितवी नाईट होती, शेवटचं कधी झोपलात, हा प्रश्न कुठल्याही चौकशी समितीच्या प्रश्नावलीत मी अजून पाहिलेला नाही. तो एक प्रश्न घातलात तरी खूप होईल.

थकलेल्या मेंदूबद्दल आता कुणाला शंका घ्यायला जागा उरलेली नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसांना जागं ठेवून आणि वेगळ्या दिवशी मद्य देऊन, दोन्ही वेळा सारख्याच चाचण्या घेतल्या. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका ढेपाळतो, २४ तासांनी तो आकडा ०.१० च्या घरात जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता आमचा हिशोब करा. पहिल्या नाईटच्या दिवशी मी सकाळी ७ ला उठते, डबे, शाळा, बँक, स्वयंपाक करून रात्री ८ ला ड्युटीवर हजर. १२ च्या डोसला १७ तास झाले. सकाळी ७ ला २४ झाले. सव्वानऊनंतर मी स्कूटी काढून हायवेला लागते. चौकात हवालदार थांबवेल आणि यंत्रात फुंकायला लावेल तर मशीन शून्य दाखवेल. माझी मान मात्र दोनदा खाली गेलेली असते, एकदा सिग्नलला आणि एकदा उसाच्या ट्रॉलीच्या मागे. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये एक तरुण भूलतज्ज्ञ डॉक्टर रात्रपाळी संपवून गाडीने घरी जाताना असाच गेला. जाग राहावी म्हणून तो फोनवर बायकोबरोबर गाणी म्हणत होता. त्यानंतर तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने थकव्याविरुद्ध मोहीमच उभी केली. रात्रपाळीनंतर विश्रांतीची खोली, घरी जायला सोय, या मागण्या तिथे आता ‘चैन’ म्हणून हसण्यावारी नेल्या जात नाहीत.

आणि हे फक्त सिस्टरांचं गाऱ्हाणं नाही. आमच्या वॉर्डातला जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, बघा. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी येतो, रात्रभर अॅडमिशन घेतो, दुसऱ्या दिवशी पोस्ट-इमर्जन्सी राऊंडला सरांसमोर उभा राहून साठ पेशंटचे रिपोर्ट तोंडपाठ सांगतो, मग ओपीडी, मग ओटी. मी एका पोराला औषधाची ऑर्डर लिहिता लिहिता उभ्या उभ्या झोपलेलं पाहिलंय. बोटांत पेन तसंच. मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला आणि ऑर्डर पुन्हा लिहून घेतली, कारण दशांश चिन्ह चुकीच्या जागी होतं. अमेरिकेत बॉस्टनच्या अतिदक्षता विभागांत याचं मोजमाप झालंय. २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांच्या हातून, पाळ्या आखडलेल्यांच्या तुलनेत, गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. हा अभ्यास २००४ चा आहे. आमचा जेआर तेव्हा बालवाडीत असेल.

नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारच्या रेसिडेन्सी योजनेचं पत्र ५ जून १९९२ चं आहे. सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांवर आणि आठवड्याला ४८ तासांवर जाऊ नये, आठवड्याला एक सुट्टी, असं त्यात लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत ‘वाजवी’ कामाचे तास आणि ‘वाजवी’ विश्रांती आहे. वाजवी हा शब्द किती सोयीचा आहे हे ज्याने भाजी विकत घेतली त्याला कळेल. २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या कृती दलाने आकडा सांगितला, आठवड्याला ७४ तासांहून जास्त नको आणि रोज सात-आठ तास झोप हवी. सात-आठ तासांचा आकडा तुमच्या कार्यशाळेतल्या पडद्यावरही होता. आकड्यांवर सगळ्यांचं एकमत आहे, अडतं ते टाचणीने लावलेल्या कागदावर.

‘आमच्या वेळी आम्ही ७२ तास सलग केलेत’ हे वाक्य तुमच्यातल्या अनेकांच्या तोंडी असतं. मान्य. केलेत, आणि तुमच्याबद्दल आदर आहे. पण एक गंमत सांगते. रुग्णालयातच राहायचं, दिवसरात्र काम करायचं, ही रेसिडेन्सीची पद्धत ज्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला घडवली त्या सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांना कोकेनचं व्यसन होतं, पुढे मॉर्फिनचं. सर्जन म्हणून ते फार मोठे होते, यात वाद नाही. पण त्यांच्या वेळापत्रकाला माणसाच्या शरीराचं प्रमाण मानायचं का, याचा विचार एकदा व्हायला हरकत नाही. आमच्या पोरांकडे कँटीनचा कटिंग चहा आहे फक्त.

आता खोलीबद्दल. हा भाग मला लिहायला जड जातोय.

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या एका डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यावर देशभर मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या. आम्हीही काळ्या फिती लावल्या. त्या बोलण्यात सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक, फाशी हे सगळं आलं. मला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. ३६ तासांच्या ड्युटीत ती मुलगी चर्चासत्राच्या हॉलमध्ये झोपायला गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ च्या आदेशात हेच नोंदवलं, की रात्रपाळीच्या लोकांना विश्रांतीच्या पुरेशा जागा नाहीत, ड्युटी रूम कमी आहेत, स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या खोल्या नाहीत. त्याच आदेशात परिचारिका अरुणा शानबाग यांचंही नाव आहे. आमच्या पिढीला ते नाव शिकताना सांगितलं गेलं. २७ नोव्हेंबर १९७३, मुंबईचं केईएम. ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. तिथे हल्ला झाला. त्यानंतर जवळपास ४२ वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. १९७३ ते २०२४, एक कपडे बदलायची जागा आणि एक झोपायची जागा. तुमच्या इमारतीच्या नकाशात ही खोली कुठे आहे, आज जाऊन बघाल का? नकाशात असेलही. आमच्याकडे होती. तिच्यात आता बंद पडलेले मॉनिटर आणि २०२१ चे पीपीई किटचे खोके आहेत.

रेल्वेकडे बघा. भुसावळ, दौंड, मनमाड अशा ठिकाणी लोको पायलटसाठी रनिंग रूम असते. गाडी आणून पोहोचवली की तिथे खाट, जेवण, अंघोळ. किती तास विश्रांती झाल्यावर पुढची गाडी द्यायची हे लिहून ठेवलेलं. पूर्वी तर झोपलेल्याला वेळेवर हाक मारून उठवायला कॉलबॉय असायचा. माझे मामा त्याच्या गोष्टी सांगायचे. लोको पायलटांच्याही तक्रारी आहेत, विश्रांती पुरेशी मिळत नाही म्हणून तेही भांडतात. पण झोपलेला ड्रायव्हर गाडी चालवू शकत नाही, एवढं तरी रेल्वेने इंग्रजांच्या काळापासून मान्य केलं. कारखान्यांचं घ्या. १९४८ च्या कायद्यातच दीडशेहून जास्त कामगार असतील तिथे विश्रांतीची खोली द्यायला सांगितलं होतं. साखर कारखान्याच्या कामगाराला जे मिळालं ते जिल्हा रुग्णालयाला मिळालं नाही. का, तर आमचं काम ‘सेवा’. सेवेला घड्याळ नसतं म्हणे.

घरच्या झोपेचंही बोलते, कारण कार्यशाळेत सगळा भर त्यावरच होता आणि त्यात तथ्य नाही असं नाही. दिवसा झोपायची कला असते. मला ती एका केरळच्या सिस्टरने शिकवली, आता त्या निवृत्त आहेत. पहिल्या नाईटच्या दुपारी दोन तास झोपून यायचंच, घरात लग्न असलं तरी. रात्री पोटभर जेवायचं नाही, दोनदा थोडं थोडं. चहा पहाटे ३ नंतर बंद, कारण त्याचा अंमल पाच-सहा तासांनीही अर्धा शिल्लक असतो. घरी जाताना काळा चष्मा, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत शिरलं की मेंदू म्हणतो दिवस उजाडला, आता कसली झोप. खिडकीला काळा कागद. मोबाइल स्वयंपाकघरात, डब्याच्या मागे. पहिल्या दुपारची झोप बहुतेकदा हुकते, बाकी मी हे सगळं करते. तरी साडेनऊला पाणी येतं, दहाला कचरागाडीचं गाणं, साडेदहाला कुरिअर, अकराला शेजारच्या काकू, ‘झोपली होतीस का गं?’ दुपारी एकला मुलगा शाळेतून. सासूबाई चांगल्या आहेत, पण दिवसाढवळ्या झोपलेली सून पाहून त्यांच्या भांड्यांचा आवाज आपोआप वाढतो. ब्रदर लोकांच्या घरी, मी विचारून पाहिलंय, भांड्यांचा आवाज कमी होतो.

तरी ओढूनताणून चार-साडेचार तास होतात. रात्रीच्या झोपेची भरपाई दिवसा पुरती होतच नाही, शरीराचं घड्याळ उन्हावर चालतं. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, तेव्हा आम्ही वॉर्डात हसलो होतो, आम्हाला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ यादीत टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. हे वाचून घाबरून काही होत नाही. रात्री कुणीतरी जागायलाच हवं, आणि ते काम मी आनंदाने करते. पण पाच रात्री जागलेल्या बाईला सहाव्या रात्रीनंतर नेमकं काय मिळतं, ते तुमच्या हातात आहे.

मिळतं ते असं. सकाळी सव्वानऊला सहावी नाईट संपली, तर तोच दिवस ‘नाईट ऑफ’ म्हणून मोजतात. म्हणजे ज्या दिवसाचे सव्वानऊ तास मी कामावर होते तो माझा सुट्टीचा दिवस. मग त्या दिवशी कार्यशाळा, नाहीतर ट्रेनिंग, नाहीतर आधार लिंक करायला ऑफिसात या, नाहीतर वार्षिक तपासणी आहे, रजिस्टर पूर्ण करून जा. दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला हजर. हा हिशोब कुणी, कधी, कुठल्या जीआरने ठरवला, मी १९ वर्षं विचारतेय. ‘पहिल्यापासून असंच आहे’ हे उत्तर मिळतं.

तर माझं मागणं पुढीलप्रमाणे, आणि यातल्या एकाही गोष्टीला वित्त विभागाची मंजुरी लागत नाही.

नाईट संपली तो दिवस सुट्टीत धरू नका. ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा. त्या दिवशी सभा, कार्यशाळा, सत्कार काहीही ठेवू नका, आमच्याच सत्काराचा असला तरी. माणसं कमी आहेत, जमणार नाही, असं म्हणाल. मग निदान सहाच्या ऐवजी तीन-तीन नाईटचे तुकडे करून बघा; एकूण नाईट तेवढ्याच राहतात, पाचव्या-सहाव्या रात्रीचा चिखल टळतो. एका वॉर्डात तीन महिने करून पाहा. इव्हिनिंग करून रात्री साडेनऊला घरी गेलेलीला सकाळी ८ ला बोलावू नका. ड्युटी लिस्ट महिन्याच्या २० तारखेला लागू दे, ३० ला रात्री नको, म्हणजे पाहुण्यांना, शाळेला, डॉक्टरला काय सांगायचं ते आम्हाला कळेल.

खोली द्या. पीपीईचे खोके निर्लेखित करा, आतून कडी लागेल असं दार, चार खाटा, एक पंखा, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, वॉर्डापासून हाकेच्या अंतरावर. एवढं झालं की रात्री २ ते ५ मध्ये अर्धा तास आळीपाळीने विश्रांती, हे ओव्हरबुकात लिहून. लिहून हा शब्द महत्त्वाचा. लेखी असलं की चोरी राहत नाही, आणि कुठल्या वेळी वॉर्ड कुणाकडे होता हेही स्पष्ट राहतं. रात्रीचे वैद्यकीय अधिकारी राऊंडला आले आणि सिस्टर खोलीत असेल तर ते दुसरीला विचारतील, एवढाच फरक.

आणि जेआर पोरांचं. पोस्ट-इमर्जन्सीला दुपारी १२ नंतर त्यांना वॉर्डात दिसू देऊ नका. तुम्ही घरी पाठवल्याशिवाय ती जात नाहीत. सरांना राग येईल, परीक्षेत धरतील, या भीतीने ती कॉरिडॉरमध्ये घुटमळत राहतात. विभागप्रमुखांनी एकदा सगळ्यांसमोर ‘जा, झोप’ म्हटलं तर ते पन्नास परिपत्रकांच्या वर चालतं. आमच्या एका मॅडम तसं म्हणतात. त्यांच्या युनिटमध्ये रात्री २ ला फोन केला तर जेआर चिडत नाही, हे आम्हा सिस्टरांनी कधीच ओळखलंय.

पत्रात वॉर्डातल्या मावशी, मामा, १०८ रुग्णवाहिकेचे चालक, लॅबची मुलं राहिली. आणि आशाताई तर कुठल्याच ड्युटी लिस्टमध्ये नाहीत. वाडीवरच्या बाईला रात्री २ ला कळा आल्या की त्या तिच्याबरोबर येतात, बाळंतपण होईपर्यंत लेबर रूमबाहेरच्या फरशीवर बसतात आणि सकाळी गावात सर्व्हेला हजर असतात. त्यांच्यासाठी निदान बाहेर एक बाकडं आणि पंखा ठेवा. कागद लागत नाही त्याला.

मी नाव घातलेलं नाही. भीतीने नव्हे, म्हणजे थोडं भीतीनेही. पण मुख्य म्हणजे ही गोष्ट एका वॉर्डाची वाटू नये म्हणून. कुणाला बोलायचंच असेल, चौकशीसाठी किंवा खोली दाखवायला, तर संघटनेकडे निरोप ठेवा, मी येईन. येत्या सोमवारपासून माझी पुन्हा नाईट आहे. तेवढा आठवडा कृपया दुपारी ४ नंतर बोलवा.

आपली,
मेल मेडिसिन वॉर्डातली एक सिस्टर